नाकाचं ऑपरेशन चांगलं झालं, तरी मी तिथेच आहे. भाचीला काय सांगू?

काजळरेघ (धागाकर्ती)

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहितेच.

सहा वर्षांपूर्वी, २९व्या वर्षी, मी नाकाचं ऑपरेशन करून घेतलं. नाकाच्या मध्यावर उंचवटा होता, बाजूने पाहिलं की ठळक दिसायचा. शाळेपासून त्यावरून ऐकून घेतलं होतं. पुढे कोणी काही बोलेनासं झालं, तरी माझ्या कानात ते चालूच राहिलं. कुठेही बसायचं झालं की मी दुसऱ्याच्या डाव्या हाताला बसायचे, म्हणजे त्याला माझी उजवी बाजू दिसेल. डावीकडून उंचवटा जास्त दिसतो असं मीच ठरवून टाकलं होतं. बोलताना डावा तळहात आपोआप गालावर आणि बोटं नाकाच्या कडेला. फोटो काढताना तर मी कायम कोणाच्या तरी मागे.

ऑपरेशनमध्ये उंचवट्याचं हाड आणि कूर्चा घासून कमी केली. तेवढ्याने नाक वरून सपाट दिसतं, म्हणून दोन्ही बाजूंची हाडं कापून आत आणली. सातव्या दिवशी नाकावरचं स्प्लिंट, म्हणजे आधाराची कडक पट्टी, निघालं. डोळ्यांखाली पिवळं-जांभळं झालेलं, सूजही होती, पण रेघ सरळ दिसत होती. मी रडले, आनंदाने. डॉक्टरांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. श्वास मोकळा आहे, व्रण दिसत नाही, जे ठरलं होतं तेच झालं.

चार-पाच महिने मी खरंच खूश होते. मग एकदा लिफ्टच्या आरशात बाजूने दिसले आणि वाटलं, नाक लहान झाल्यामुळे आता हनुवटी पुढे आल्यासारखी दिसते. त्या रात्री दोन वाजेपर्यंत हनुवटीचे फोटो काढत बसले. नंतर एका ठिकाणी सल्ला घ्यायला गेले, तर दहा मिनिटांत हनुवटी, ओठ आणि डोळ्यांखालचं फिलर (सुईने भरायचं जेल) असं वर्षभराचं वेळापत्रक हातात मिळालं. मी ते केलं नाही. पण न करण्यासाठी महिनोन्‌महिने स्वतःशी किती भांडावं लागलं ते माझं मला माहीत.

हात अजूनही गालावर जातो. बोटं आता हनुवटीवर असतात. बसतेही अजून डाव्या हातालाच.

आता मूळ प्रश्न. माझी भाची १७ वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात तिने मला एकटीला गाठलं आणि फोन उघडून दाखवला. तिच्या नाकाचे ४० तरी फोटो, त्यावर लाल रेघा मारलेल्या. म्हणाली, "मावशी, तू केलंस ना? मग आईला तूच समजाव. आणि कापायचंही नाही, नुसत्या सुईने होतं."

मी केलं आणि तू करू नकोस असं कोणत्या तोंडाने सांगू? आणि करच, असंही सांगवत नाही. अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

*

गवतफुला

तुमचं हाताचं वाचून पोटात तुटलं. माझी बहीण अशीच ओठांवर हात ठेवून हसते. वाचतेय.

*

छायाप्रकाश

मी फोटोग्राफर आहे, माणसांचेच फोटो काढतो. नाकाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ते ४० फोटो तिने हातात फोन धरून काढलेले असणार. हात लांब केला तरी फोन चेहऱ्यापासून फूट-दीड फुटावर असतो. एवढ्या जवळून नाकाचं टोक कॅमेऱ्याच्या पुढ्यात येतं आणि कान बरेच मागे राहतात. जवळची वस्तू मोठी दिसणारच. २०१८ मध्ये अमेरिकेतले सर्जन बोरिस पास्खोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं गणितच मांडून दाखवलं. १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. तेच नाक, तोच चेहरा.

तिला एकदा भिंतीपाशी उभी करा, पाच-सहा फूट मागे जा, फोनमधलं थोडं झूम वापरा आणि फोटो काढा. फिल्टर बंद ठेवा. काही फोनमध्ये चेहरा गुळगुळीत करणारी सोय आधीपासूनच चालू असते, तीही बघून बंद करा.

आणखी एक. आपण स्वतःला आयुष्यभर आरशात पाहतो, म्हणजे डावं-उजवं उलटं. कॅमेरा सुलट दाखवतो. कोणाचाच चेहरा दोन्हीकडे सारखा नसतो, म्हणून फोटोतला आपला चेहरा आपल्याला वाकडा वाटतो. १९७७ मध्ये यावर एक साधा प्रयोग झाला होता. एकाच व्यक्तीचे सुलट आणि उलट असे दोन फोटो ठेवले. त्या व्यक्तींना स्वतःचा आरशातल्यासारखा फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या मैत्रिणींना सुलट फोटो आवडला. ज्याला जे रोज बघायची सवय, त्याला ते बरं वाटतं.

माझ्याकडे येणारे बहुतेक लोक पहिला फोटो बघून म्हणतात, "मी अशी दिसते?" त्यांच्याबरोबर आलेलं माणूस म्हणतं, "हो, अशीच तर दिसतेस." ते अगदी प्रेमाने म्हटलेलं असतं.

*

शांत_किनारा

मी समुपदेशक आहे. थोडं सविस्तर लिहिते.

आपल्या दिसण्यात काहीतरी बिघडलेलं आहे ही जाणीव पुष्कळांना असते, तो आजार नव्हे. पण काहींच्या बाबतीत ती जाणीव दिवस खाऊन टाकते. इटलीतला मानसोपचारतज्ज्ञ एन्रिको मोर्सेली याने १८९१ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन करून त्याला 'डिसमॉर्फोफोबिया' म्हटलं होतं. आज आपण बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतो, थोडक्यात बीडीडी. मानसिक आजारांच्या २०१३ च्या डीएसएम-५ या वर्गीकरणात तो ओसीडीच्या, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराच्या, गटात ठेवला आहे, आणि ते पटण्यासारखं आहे. हात पुन्हा पुन्हा धुणं आणि नाक पुन्हा पुन्हा आरशात बघणं यांची जात एकच. सर्वसाधारण लोकांत साधारण ५० जणांत एकाला बीडीडी असतो, सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांत प्रमाण त्याहून बरंच जास्त आढळतं. अशा रुग्णांना शस्त्रक्रियेने सहसा बरं वाटत नाही. एक तर त्याच जागेचं असमाधान उरतं, नाहीतर ते दुसऱ्या जागी सरकतं. गुण येतो तो सीबीटी या, विचारांवर आणि सवयींवर काम करणाऱ्या, उपचारपद्धतीने आणि गरज असेल तर ओसीडीला देतात त्याच औषधांनी.

एका प्रयोगाबद्दल मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. १९८० साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात क्लेक आणि स्ट्रेंटा या दोघांनी तो केला. भाग घेणाऱ्यांच्या गालावर मेकअपने मोठा व्रण रंगवला. आरशात दाखवला. सांगितलं की आता एका अनोळखी माणसाशी बोलायचं आहे, तो या व्रणाकडे बघून कसा वागतो ते नंतर सांगा. आणि खोलीत जायच्या आधी, "रंगाला तडे जाऊ नयेत म्हणून क्रीम लावतो" असं म्हणत व्रण पुसून टाकला. त्यांना पत्ताच नाही. गाल कोरा घेऊन ते आत गेले. बाहेर आल्यावर सांगितलं की समोरचा माणूस अवघडलेला होता आणि त्याचं वागणं त्या व्रणामुळेच बदललं होतं.

त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. समोरचा माणूस बोलताना अधूनमधून इकडे-तिकडे बघणारच, सगळेच बघतात. पण व्रण आहे हे धरून बसलं की त्या प्रत्येक नजरेचा अर्थ ठरलेला असतो.

भाचीसाठी माझा सल्ला: "तुझं नाक छान आहे गं" असं म्हणू नका. तिने ते शंभरदा ऐकलंय आणि तिला ते समजूत काढल्यासारखं वाटतं. त्याऐवजी विचारा. दिवसातला किती वेळ यात जातो? तासाच्या वर जात असेल तर ते गंभीर आहे. कुठे जायचं टाळते? कोणी काही बोललं का, कधी? आणि नाक बदललं की नेमकं काय बदलेल असं वाटतं? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. "नाक सरळ दिसेल" असं उत्तर आलं तर ऐकून घ्या. "मग मला मैत्रिणी मिळतील" असं आलं तर ते काम नाकाचं नाही.

आणि काजळरेघताई, तुम्ही तुमच्या हाताबद्दल लिहिलंय तेही मी वाचलंय. त्यासाठीही कोणाशी तरी बोला. सहा वर्षं खूप झाली.

*

उंबरठा

मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय. धाग्याचा सूर असा होऊ नये की ऑपरेशन करणारा प्रत्येक जण मनाने दुबळा.

मी स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. १५ वर्षं मान आणि पाठ दुखत होती. दोन्ही खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांचे खोल वळ, बोट ठेवलं तर बोट बसायचं. उन्हाळ्यात घडीखालची कातडी सोलून निघायची. आणि हो, लोकांच्या नजराही नकोशा झाल्या होत्या, ते का लपवू? ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी मी कित्येक वर्षांत पहिल्यांदा धावले. स्तनाग्रांची संवेदना एका बाजूला कमी झाली आहे, टाक्यांचे व्रण आहेत, हे आधी सांगितलं होतं आणि मला चालतं.

हे 'कॉस्मेटिक' की 'गरजेचं'? ज्याच्या त्याच्या सोयीने लोक ठरवतात. बाहेर आलेले कान मागे घेण्याची शस्त्रक्रिया लहान मुलांवर वर्षानुवर्षं होते आहे आणि बरीच मुलं त्यानंतर सुखाने शाळेत जातात. तेव्हा सरसकट नको म्हणू नका.

*

काजळरेघ (धागाकर्ती)

@उंबरठा, तुमचं पटतं. मी सरसकट म्हणत नाहीच. माझी गोची हीच आहे की माझंही ऑपरेशन 'यशस्वी' या खात्यातच जमा आहे. तुम्हाला पाठ दुखायची आणि ती थांबली. मला नेमकं काय दुखत होतं ते मी कापून घ्यायच्या आधी कोणी विचारलंच नाही, मीही विचारलं नाही.

@छायाप्रकाश, शनिवारी ती येणार आहे, तेव्हा फोटो काढून बघते.

@शांत_किनारा, वाचलं. दोनदा वाचलं.

*

पाऊलवाट

माझ्या धाकट्या भावाबद्दल लिहितो. त्याने पाय लांब करून घेतले. हो, उंचीसाठी.

ही पद्धत मुळात गाव्रील इलिझारोव या डॉक्टरची. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये १९५०च्या दशकात त्याने ती युद्धात आणि अपघातात मोडलेल्या, न जुळलेल्या हाडांसाठी बसवली. हाड कापायचं, कड्या आणि तारांनी धरायचं, आणि रोज साधारण १ मिलिमीटर याप्रमाणे दोन टोकं लांब न्यायची. मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. ज्यांचा एक पाय आखूड आहे अशा किती मुलांना या शोधाने चालतं केलं. निव्वळ उंचीसाठी हे करायला चीनने २००६ मध्ये बंदी घातली, इतकी माणसं त्यात जायबंदी झाली होती.

भावाचे दोन्ही पाय धडधाकट होते. दिवसातून चार वेळा पाव-पाव मिलिमीटर फिरवायचं. ते तो स्वतः करायचा, मी समोर बसायचो. हाड वाढतं पण स्नायू आणि नसा तितक्या लवकर वाढत नाहीत, त्या ताणल्या जातात. दुसऱ्या महिन्यात त्याची टाच जमिनीला टेकेना. रात्री पायाच्या नसा जळायच्या. वाढवणं दोन महिन्यांत संपलं, पण ते कच्चं हाड भरून घट्ट व्हायला पुढे कित्येक महिने गेले. आई त्याला उचलून बसवायची. २६ वर्षांच्या मुलाला.

आज तो आधीपेक्षा ५ सेंटिमीटर उंच आहे. चालतो नीट. पळत नाही. फुटबॉल सुटला तो सुटलाच. मला सगळ्यात लागलेली गोष्ट दुसरीच आहे. तो वर्षभराने मित्रांना भेटला तेव्हा सगळे म्हणाले, "बारीक झालास रे." उंचीबद्दल कोणीही काही बोललं नाही. त्याने कोणाला सांगितलंही नाही. घरी येऊन बूट काढून बराच वेळ दारातच बसून होता.

मी त्याला तेव्हा अडवायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही. मी अडवलं असतं तर आयुष्यभर त्याने मलाच दोष दिला असता, असं वाटतं.

*

गवतफुला

पाऊलवाट, शेवटची ओळ वाचून काय लिहावं सुचत नाही. भावाला सांभाळा.

*

ओटीतली

ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून अनेक वर्षं काम करते. भाचीच्या "नुसत्या सुईने होतं" या वाक्यासाठी लॉगिन केलं.

सुईने नाक सरळ करतात ते फिलरने. उंचवट्याच्या वर-खाली हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल भरतात, म्हणजे रेघ सरळ भासते. नाक कमी होत नाही, भरलं जातं. आणि फिलरसाठी चेहऱ्यावरच्या सर्वांत धोक्याच्या जागांपैकी ही एक आहे. नाकाच्या आणि भुवयांमधल्या रक्तवाहिन्या आतून डोळ्याच्या रक्तवाहिनीला जोडलेल्या असतात. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं आणि दाबाने मागे सरकलं, तर डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा बंद होतो. दृष्टी काही मिनिटांत जाते आणि बहुतेक वेळा परत येत नाही. कातडीचा पुरवठा बंद झाला तर नाकाचं टोक काळं पडतं. हे क्वचित होतं, मान्य. पण झालं तर हायल्युरोनिडेज हे उतारा-औषध ताबडतोब टोचणारा माणूस तिथे हवा. पार्लरमध्ये तो नसतो. इंग्लंडमध्ये २०२१ पासून १८ वर्षांखालच्या मुलांना केवळ दिसण्यासाठी बोटॉक्स किंवा फिलर देणं कायद्याने गुन्हा आहे. तुमची भाची १७ची आहे, तिला हे सांगा.

बाकीच्यांसाठीही थोडं. नितंबांत चरबी भरण्याची शस्त्रक्रिया, ज्याला बीबीएल म्हणतात, तिच्यात ३,००० मागे एक मृत्यू असा अंदाज २०१७ मध्ये सर्जनांच्याच तज्ज्ञगटाने जाहीर केला. चरबी स्नायूत खोल गेली तर तिथल्या मोठ्या शिरा फाटतात, चरबी सरळ हृदयात आणि फुप्फुसांत पोचते. ब्रिटनमधल्या सौंदर्यशल्यविशारदांच्या संघटनेने २०१८ मध्ये आपल्या सभासदांना ही शस्त्रक्रिया थांबवायला सांगितलं होतं. नंतर चरबी फक्त कातडीखालीच सोडायची अशी पद्धत आली, धोका कमी झाला, पण हात कोणाचा आहे त्यावर सगळं अवलंबून.

स्तनांतली सिलिकॉन इम्प्लांट्स आयुष्यभर टिकतात असा पुष्कळांचा समज आहे. टिकत नाहीत. १९६२ मध्ये ह्यूस्टनला पहिली शस्त्रक्रिया झाली. १९९२ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने सुरक्षिततेच्या शंकेवरून सिलिकॉनवर निर्बंध आणले, २००६ मध्ये उठवले, आणि २०२१ मध्ये ठळक चौकटीतला इशारा सक्तीचा केला की ही आयुष्यभराची वस्तू नाही. शरीर त्याभोवती एक आवरण तयार करतं, ते कधी आवळतं, दगडासारखं होतं. म्हणजे २५व्या वर्षी बसवलं तर पुढे एक-दोन ऑपरेशनं धरूनच चालायचं. हे आधी सांगितलं जातं का? कागदावर असतं. सही करताना ते कितीजण वाचतात ते मी रोज बघते.

कुठेही जा, इतकं विचारा: भूल कोण देणार, तो भूलतज्ज्ञ ऑपरेशन संपेपर्यंत तिथे थांबणार का, काही झालं तर अतिदक्षता विभाग कुठे आहे, आणि पुन्हा करावं लागलं तर कोण करणार. उत्तर देताना समोरचा चिडला तर उठून या.

*

मधली_सुट्टी

पुरुषांचंही लिहितो, कारण आम्ही बोलत नाही. २५व्या वर्षी केस प्रत्यारोपण केलं. मागचे केस काढून पुढे लावतात. मागचे केस मोजकेच असतात, ती पुंजी पुन्हा भरत नाही, हे मला नीट कळलंच नव्हतं. मी पुढची रेघ हट्टाने खाली, कॉलेजातल्यासारखी मागून घेतली. लावलेले केस टिकले, त्यांच्या मागचे माझे स्वतःचे गळतच राहिले. आता पुढे पट्टी, मध्ये मोकळं. मागे काढायला फारसं शिल्लक नाही. घाई केली नसती, आधी दोन-तीन वर्षं औषधं घेऊन गळती कुठवर जाते ते बघितलं असतं, तर बरं झालं असतं. १७व्या वर्षीचं नाकही पूर्ण वाढलेलं असेलच असं नाही ना? जाणकारांनी सांगावं.

*

ओटीतली

@मधली_सुट्टी, मुलींचं नाक साधारण १५-१६पर्यंत वाढतं, मुलांचं थोडं उशिरापर्यंत. पण कूर्चा वाढली म्हणजे निर्णय घ्यायची समज वाढली असं नाही, म्हणून चांगले सर्जन थांबायला सांगतात. शिवाय नाकाच्या टोकाची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं. तोवर रोज आरशात बघून "असं का दिसतंय" म्हणत बसायची तयारी हवी.

*

जुनी_पानं

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. आपल्या भाषेत अब्रू गेली की 'नाक कापलं' म्हणतात, ते एके काळी शब्दशः होतं. शिक्षा म्हणून नाक कापायचे, आणि म्हणूनच नाक घडवायची विद्या इथे जन्मली. सुश्रुतसंहितेत पानाने माप घेऊन गालाची कातडी नाकावर बसवायची रीत दिली आहे. कपाळाच्या कातडीने नाक केलेल्या एका गाडीवानाची हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने आधी प्रेतांवर सराव केला आणि १८१४ मध्ये खऱ्या रुग्णावर तसंच नाक केलं.

पुढे पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी चेहरे उडालेले सैनिक हॅरॉल्ड गिलीज या सर्जनकडे आले. १९१७ मध्ये इंग्लंडात सिडकप इथे खास रुग्णालय उघडलं, तिथे हजारोंचे जबडे, नाकं, पापण्या पुन्हा घडवल्या गेल्या. रस्त्यावरचे काही बाक निळे रंगवलेले असत, म्हणजे तिथे बसलेल्या माणसाचा चेहरा पाहून येणारा-जाणारा दचकू नये. दुसऱ्या महायुद्धात गिलीज यांचेच आप्त आर्चिबाल्ड मॅकइंडो यांनी ईस्ट ग्रिन्स्टेडला भाजलेल्या वैमानिकांवर उपचार केले, तेव्हा उलटं केलं. रुग्णांना गावात पाठवलं, गावाला सांगितलं की यांच्याकडे रोखून बघू नका, बोला, घरी बोलवा. गावाने ऐकलं.

मला यात राहून राहून त्या गावकऱ्यांचं कौतुक वाटतं. चेहऱ्याचं अर्धं काम सर्जनने केलं आणि उरलेलं त्यांनी.

*

अबोली

जुनी_पानं यांचा प्रतिसाद वाचून लिहितेय. मी नवव्या वर्षी भाजले. चेहऱ्याची डावी बाजू, मान, छाती.

भाजल्यावर कातडी भरते ती आकसत भरते. माझी मान छातीला चिकटल्यासारखी झाली होती, वर बघता यायचं नाही. डाव्या डोळ्याची खालची पापणी ओढली गेली होती, झोपेतही डोळा उघडा राहायचा आणि कोरडा पडायचा. प्लास्टिक सर्जनने मान सोडवली, मांडीची कातडी लावली, पापणी नीट केली. ज्या रात्री पहिल्यांदा दोन्ही डोळे मिटून झोपले, ती रात्र मला आठवते. १६ वर्षांत ११ ऑपरेशनं झाली.

बाराव्याच्या वेळी मी डॉक्टरांना म्हटलं, गालावरचा हा पट्टा अजून थोडा सपाट करा ना. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "हा तुला आडवा कशाला येतो?" मी विचार करून सांगितलं, खाताना नाही, बोलताना नाही, झोपताना नाही. मग ते म्हणाले, "करता येईल. थोडा फरक पडेल. पण तू पुन्हा दोन महिने पट्टी बांधून घरात बसशील. परीक्षा दे, नोकरी धर, मग ये. तेव्हाही वाटलं तर करू." मी पुन्हा गेले नाही. सहा वर्षं झाली.

लोक बघतात. लहान मुलं तर विचारतातच, त्यांना मी सांगते. मोठ्यांचं बघणं मला अजून त्रास देतं, सवय झाली असं खोटं सांगणार नाही. पण काजळरेघ, तुमच्या भाचीचा मला जरासुद्धा राग आला नाही. तिचं दुखणं माझ्यापेक्षा लहान आहे असं कोणी तिला सुनावू नका, तशी तुलना करायला माझा चेहरा वापरू नका. तिला तसाच एक डॉक्टर भेटो, जो खुर्ची पुढे ओढून विचारेल.

*

शांत_किनारा

अबोली, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

*

टिपकागद

फिल्टर आणि जाहिराती, मूळ तिथे आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलचं शरीर फोटोत बारीक-जाड केलं असेल तर जाहिरातीवर तसं छापावं लागतं. नॉर्वेत २०२२ पासून शरीराचा आकार किंवा कातडी बदललेल्या जाहिरातींवर ठरावीक शिक्का सक्तीचा आहे. असे कायदे सगळीकडे हवेत. एकेका मुलीला किती समजावणार?

*

पाऊलवाट

@टिपकागद, हवेतच. पण माझ्या भावाने कोणाची जाहिरात बघून नाही केलं. एका लग्नात रांगेत उभं राहून फोटो काढला, तो सगळ्यांत बुटका दिसला, आणि कोणीतरी हसलं.

*

काजळरेघ (धागाकर्ती)

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. शनिवारी काय झालं ते सांगते.

आधी फोटो काढले. भिंतीपाशी, सहा पावलं मागून. तिने फोन हातात घेऊन बराच वेळ बघितलं. "हे वेगळं दिसतंय," एवढंच म्हणाली. पटलं असं म्हणाली नाही, आणि मीही ओढून-ताणून पटवलं नाही. डोळ्याचं, फिलरचं सांगितलं, त्याने मात्र ती घाबरली. सुईचा विषय तिथेच संपला.

मग शांत_किनारा यांचा प्रश्न विचारला, नाक बदललं की काय बदलेल. खूप वेळ गप्प. मग कळलं की वर्गाच्या ग्रुपवर तिचा एक बाजूने काढलेला फोटो कोणीतरी टाकला होता, त्याखाली पोपटाची चित्रं. ४७ जणांनी. तिने ती मोजली होती. आम्हाला घरात कोणालाच माहीत नव्हतं. तिच्या आईला मी तिच्यासमोरच सांगितलं, तिला विचारूनच. शाळेत जायचं ते दोघी मिळून ठरवतील.

मग ती म्हणाली, "मावशी, तुझं आधीचं नाक कसं होतं गं? मला आठवतच नाही. फोटो दाखव."

माझ्याकडे एकही नाही. ऑपरेशननंतर महिन्याभरात मी सगळे पुसून टाकले होते, अल्बममधलेही काढले होते. ताईच्या कपाटात एक निघाला. आम्ही दोघी आणि मध्ये आई, मी २२-२३ची असेन. मी नेहमीसारखी मागे उभी, पण कोणीतरी हाक मारली असावी, मान वळलेली, पूर्ण बाजूने आलेली. मी तो हातात घेतला आणि त्या नाकात ते भयंकर काय होतं ते शोधायला लागले. उंचवटा आहे. दिसतो. पण मला आठवत होता त्याच्या निम्माही नाही.

भाची माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "हे तर आजीचं नाक आहे." आणि थोड्या वेळाने, "म्हणजे माझंही."

तेव्हा मला एक गोष्ट आठवली जी सहा वर्षांत कधी आठवली नव्हती. स्प्लिंट निघालं त्या दिवशी मी घरी आले, आईला म्हटलं, बघ ना, कसं वाटतं? आई म्हणाली, छान. आणि तिचा हात स्वतःच्या नाकावर गेला होता. मी तेव्हा ते पाहिलं होतं, आणि पुढे आरशाकडे गेले होते.

फोटो भाचीने मागून घेतला. ऑपरेशनचं तिने सोडलेलं नाही, १९ची झाले की बघू म्हणते. पण तोवर समुपदेशकाकडे जायला तयार आहे, एका अटीवर, की मीही माझ्यासाठी वेगळी वेळ घ्यायची. घेतली. गुरुवारची आहे. त्याआधी आईकडे जाऊन येणार आहे.